हंगामांचा तक्ता आणि बदलता नकाशा : रणजी करंडकातला ‘महाराष्ट्र’ धाराशिवचा केव्हा झाला?

१/
रणजी करंडकाच्या नोंदींत ‘महाराष्ट्र’ या संघापुढे दोन विजेतेपदे आणि तीन उपविजेतेपदे आहेत. विजेतेपदे १९३९-४० आणि १९४०-४१ ची. उपविजेतेपदे १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ ची. धाराशिवमधल्या तरुणाने आज हा तक्ता उघडला, तर पाचही हंगाम त्याला आपलेच वाटतील. या धाग्याचे प्रतिपादन असे की पहिले दोन हंगाम धाराशिवच्या इतिहासात बसत नाहीत, आणि हे मान्य केल्याने जिल्ह्याचे काहीही कमी होत नाही.

२/
गोंधळ नावापासून सुरू होतो. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला आणि ‘महाराष्ट्र’ हा संघ पहिल्याच हंगामात खेळला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले १ मे १९६० रोजी. म्हणजे संघ राज्यापेक्षा २५ वर्षांनी जुना आहे. त्या काळच्या क्रिकेटमध्ये ‘महाराष्ट्र’ म्हणजे पुणे केंद्र असलेला, मुंबई शहर वगळून उरलेला मराठी मुलूख. नागपूर-अमरावतीकडचा भाग मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. मराठवाडा तर ब्रिटिश हिंदुस्थानातच नव्हता.

३/
१९३४ चे धाराशिव म्हणजे उस्मानाबाद, निजामाच्या हैदराबाद संस्थानातला एक जिल्हा. शेजारचे सोलापूर आणि बार्शी मुंबई इलाख्यात. तुळजापूर आणि नळदुर्ग निजामाकडे. अंतर काही कोसांचे, पण मध्ये संस्थानाची सरहद्द. पलीकडे इंग्रजांचा रुपया, अलीकडे हाली शिक्का. कारभाराची भाषा उर्दू. भवानीच्या दर्शनाला सोलापूरहून येणारा भाविक ही सरहद्द ओलांडूनच येत असे.

४/
मग त्या काळी नकाशानुसार उस्मानाबादचा रणजी संघ कोणता? उत्तर आहे हैदराबाद. आणि हैदराबादने महाराष्ट्राच्या आधी करंडक जिंकला होता. १९३७-३८ च्या अंतिम सामन्यात त्यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्या नवानगरला अवघा एक गडी राखून हरवले. एडलजी ऐबारा यांची नाबाद १३७ धावांची खेळी त्या विजयाचा कणा होती. नुसत्या सरहद्दीवर बोट ठेवायचे, तर उस्मानाबाद ज्या मुलखात होते त्याचे पहिले विजेतेपद हे आहे.

५/
परंतु सरहद्दीने संघ आपला होत नाही. हैदराबाद संघाचा पाया हैदराबाद-सिकंदराबाद या जोडशहरांत होता. पुण्याचा संघ पुण्याच्या जिमखान्यांत आणि महाविद्यालयांत वाढला होता. दोन्हीकडे क्रिकेट हा शहराचा, मैदान राखू शकणाऱ्या संस्थांचा खेळ होता. उस्मानाबादच्या शेतकऱ्याच्या मुलाला १९३७-३८ चा करंडक जितका दूर, तितकाच १९३९-४० चाही दूर होता.

६/
आता तो गाजलेला हंगाम. १९३९-४० मध्ये महाराष्ट्राचे कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, पुण्याच्या स. प. महाविद्यालयातले संस्कृतचे अध्यापक. त्याच हंगामात सांगलीच्या विजय हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडकातले ते पहिले त्रिशतक. अंतिम सामनाही पुण्यातच झाला आणि संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव झाला. महाराष्ट्राचे हे पहिले विजेतेपद.

७/
पुढचा हंगाम देवधरांचा. १८९२ साली जन्मलेल्या या कर्णधाराने १९४०-४१ मध्ये मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. ज्या वयात बहुतेक खेळाडू समालोचनाकडे वळतात, त्या वयात त्यांनी सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला थकवले. अंतिम सामन्यात महाराष्ट्राने मद्रासवर त्यांच्याच शहरात सहा गडी राखून विजय मिळवला. सलग दुसरा करंडक पुण्याला आला. तिसरा २०२४-२५ च्या हंगामाअखेरपर्यंत आलेला नाही.

८/
तो का आला नाही, याचे उत्तर तक्त्याबाहेर आहे. त्या काळी क्रिकेटपटूला पगार देऊ शकत होते ते संस्थानिक. हजारे बडोद्याकडे गेले. १९४०-४१ च्या महाराष्ट्र संघातले चंदू सरवटे पुढे इंदूरच्या होळकर संघाचे आधारस्तंभ झाले. त्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा करंडक जिंकला. पुण्याकडे खेळाडू घडवण्याची रीत होती, त्यांना पोसणारा राजा नव्हता. हंगामांच्या ओळीत महाराष्ट्र खाली घसरतो तो गुणवत्ता आटली म्हणून नव्हे.

९/
आता १९४८-४९. या एका हंगामात क्रिकेटचा इतिहास आणि धाराशिवचा इतिहास जवळजवळ येतात, पण एकमेकांना स्पर्श करत नाहीत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या आणि नळदुर्गचा मार्ग त्यांनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून जिल्हा आज तोच दिवस पाळतो.

१०/
त्यानंतर तीन महिन्यांनी, डिसेंबरात, पुणे क्लबच्या मैदानावर कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. प्रथम श्रेणीचा तेव्हाचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावांचा होता. तो अवघ्या ९ धावांवर आला असताना काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. महाराष्ट्राची धावसंख्या होती ४ बाद ८२६. निंबाळकरांना कसोटी सामना कधीच मिळाला नाही.

११/
त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यात मुंबईविरुद्ध उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण धावा २३७६, प्रथम श्रेणी सामन्यातला जागतिक उच्चांक. चौथ्या डावात ६०४ धावा करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. हंगामवार तक्त्यात या साऱ्यासाठी एकच नोंद उरते : ‘उपांत्य फेरीत पराभव’.

१२/
हे सामने चालू असताना उस्मानाबाद भारतात आले होते, पण महाराष्ट्रात नव्हते. निजामी सत्ता गेली तरी हैदराबाद हे राज्य १९५६ पर्यंत टिकले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. शीर्षकातल्या प्रश्नाचे नकाशापुरते उत्तर इथे मिळते. पाच हंगामांपैकी धाराशिवला आपला म्हणता येईल असा पहिला हंगाम १९७०-७१ चा.

१३/
तो हंगाम हुरहुर लावणारा आहे. मुंबईने १९५८-५९ पासून सलग करंडक जिंकले होते. ही मालिका पुढे १५ विजेतेपदांपर्यंत गेली. १९७०-७१ च्या अंतिम सामन्याच्या वेळी मुंबईचे वाडेकर, गावसकर, सरदेसाई हे वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते आणि सुधीर नाईक दुय्यम समजल्या जाणाऱ्या संघाचे नेतृत्व करत होते. महाराष्ट्राला तीस वर्षांत इतकी मोठी संधी मिळाली नव्हती. पराभव झाला ४८ धावांनी.

१४/
एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आजही नांदतात. २०२४-२५ अखेर खेळल्या गेलेल्या ९० हंगामांपैकी मुंबईची ४२, विदर्भाची ३ आणि महाराष्ट्राची २ मिळून ४७ विजेतेपदे या राज्यात आली आहेत. ‘एक राज्य, एक मत’ हे लोढा समितीचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्वीकारले आणि २०१८ मध्ये या जुन्या संघटनांसाठी शिथिल केले. क्रिकेटचा नकाशा राजकीय नकाशापेक्षा जुना असल्याचा हा ठळक पुरावा.

१५/
१९९२-९३ मध्ये महाराष्ट्र पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला आणि पंजाबकडून हरला. परंतु मराठवाड्याच्या दृष्टीने त्या काळातली खरी खूण रणजीच्या तक्त्यात नाहीच. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध भारताकडून तिघांनी कसोटी पदार्पण केले. त्यांतले दोघे मराठवाड्यात जन्मलेले : बीडचे संजय बांगर आणि औरंगाबादचे इक्बाल सिद्दिकी. सिद्दिकी महाराष्ट्राकडून खेळले; बांगर मात्र रेल्वेकडून. २००१-०२ मध्ये रेल्वेने रणजी जिंकली. बीडच्या मुलाचा हा करंडक ‘महाराष्ट्र’ या ओळीत कुठेही दिसत नाही.

१६/
२०१३-१४ चा हंगाम इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष जपावा असा आहे. उपांत्यपूर्व फेरीत महाराष्ट्राने वानखेडेवर मुंबईला आठ गडी राखून हरवले. त्या विजयात केदार जाधवचे नाबाद शतक होते आणि जालन्याच्या विजय झोलच्या नाबाद ९१ धावा. अंतिम सामना कर्नाटकाशी, आणि ठिकाण हैदराबाद! १९५६ मध्ये निजामी मुलखाची वाटणी तीन राज्यांत झाली होती. त्यांतल्या दोन राज्यांचे संघ जुन्या राजधानीत करंडकासाठी भिडले. कर्नाटक सात गडी राखून जिंकले.

१७/
त्यानंतरची पावले वेगाने पडली. ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे (नाबाद ३५१) आणि मराठवाड्याचाच अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. रणजीतला तोवरचा ५७७ धावांचा उच्चांक बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांचा होता. २०२२ मध्ये तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर १९ वर्षांखालील विश्वचषक विजेत्या संघात होता. ३१ मार्च २०२३ रोजी चेन्नई सुपर किंग्जकडून आयपीएल पदार्पणात त्याने तीन बळी घेतले. २०२४ च्या युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात बीडच्या सचिन धसने ९६ धावा केल्या.

१८/
यावर एक आक्षेप रास्त आहे. देवधर आणि हजारे मराठी होते. मग सरहद्दीचा कीस काढून त्यांना परके का ठरवायचे? उत्तर असे की ते परके नाहीतच. आवड आणि अभिमान यांना सरहद्द नसते. परंतु ‘आमचा जिल्हा १९३९ पासून या परंपरेत आहे’ असे म्हटले की मधली पन्नास-साठ वर्षे गायब होतात. मैदान, प्रशिक्षक, प्रवासखर्च, पुण्यापर्यंतचे अंतर हे प्रश्न कोणी विचारतच नाही, कारण परंपरा आधीच मिळालेली असते. उसन्या वैभवाची ही किंमत आहे.

१९/
उलट टोकाचा मोहही टाळायला हवा. प्रत्येक रिकाम्या रकान्याला ‘मराठवाड्यावर अन्याय’ असे नाव दिले की अभ्यास संपतो. धाराशिव क्रीडाक्षेत्रात मागे राहिले असे सरसकट म्हणताही येत नाही. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्याची; २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्या विजेत्या महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. खो-खोला मोठे मैदान, खेळपट्टी आणि महागडे साहित्य लागत नाही. जिल्हा कुठे पुढे गेला आणि कुठे थांबला, याचे निदान या तुलनेतून होते.

२०/
म्हणून हंगामवार तक्त्यात तीन रकाने वाढवावेत : प्रत्येक खेळाडूचा जिल्हा, सामना झाला ते गाव आणि त्या वर्षी तो जिल्हा कोणत्या राज्यात होता. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राचा मणिपूरविरुद्धचा रणजी सामना सोलापुरात झाला. धाराशिवच्या मुलाला सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर. जुन्या पद्धतीच्या तक्त्यात त्या सामन्याला निकालापलीकडे मोल नाही. नव्या तक्त्यात तो महत्त्वाचा ठरेल.

२१/
आणि हे काम पुण्याने करावे म्हणून थांबू नये. तालुक्याच्या स्पर्धांची पत्रके, शाळांच्या गुणवह्या, गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांचे फलक, स्थानिक दैनिकांची क्रीडापाने हे सारे अजून घराघरांत आणि कपाटांत सापडेल. आणखी वीस वर्षांनी सापडेलच असे नाही. उमरगा, कळंब, परंडा, भूम येथील कोणीही इतिहासाचा विद्यार्थी एका तालुक्यापासून सुरुवात करू शकतो. १९३९-४० चा करंडक देवधरांच्या पुण्याचा होता, आणि तो तिथेच शोभतो. धाराशिवचा पहिला हंगाम कोणता, हे धाराशिवलाच लिहावे लागेल.