झाकण मिटलं की वायफाय का तुटतं?

मैत्रिणींनो, लॅपटॉपवरचे मुलांचे फोटो इंटरनेटवर साठवायला लावावेत, झाकण मिटून स्वयंपाकघरात जावं, आणि तासाभरानं पाहावं तो काम अर्ध्यावरच! अशा वेळी राउटरला बोल लावू नका. झाकण मिटताच लॅपटॉप झोपी जातो, अन् त्याच्याबरोबर वायफायही.

तुमच्याकडे लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती असेल तर उपाय सोपा आहे. 'सिस्टिम सेटिंग्ज'मधलं 'पॉवर मॅनेजमेंट' उघडा. झाकण मिटल्यावर काय करायचं, हे विचारणारी ओळ दिसेल. तिथे वीज जोडलेली असतानाच्या रकान्यात 'डू नथिंग' निवडा. बॅटरीच्या रकान्यात मात्र 'सस्पेंड'च असू द्या, नाहीतर बॅटरी गुपचूप संपायची. त्याच पानावर, काही वेळ हात लागला नाही तर झोपी जाण्याची वेळ दिलेली असते. तीही वीज जोडलेली असताना 'नेव्हर' करा.

आणि हो, असा जागा लॅपटॉप गादीवर, उशीखाली किंवा पिशवीत ठेवायचा नाही, बरं का! आतली गरम हवा कोंडून तो तापतो. टेबलावर, मोकळ्या हवेत ठेवा आणि काम संपलं की आठवणीनं बंद करा.