डॉक्टरमावशीची पेटी : आजीचं गुपित

दोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ‘नाव छापू नका’ असं तिनं बजावलंय. तिची आजी हल्ली आमटीत दोनदा मीठ घालते, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते. परवा तर देवळातून येताना रोजचाच रस्ता चुकली! “आजी म्हणाली, घरी सांगू नकोस हं. मी वचन दिलंय. मावशी, काय करू?”

अगं राणी, हे वचन मोडलंस तरी चालेल. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं. वय झालं की तसं होतं. पण ओळखीचा रस्ता चुकला, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

दवाखान्यात काय करतात? सुरुवातीला सुईसुद्धा नसते! तीन मिनिटांची एक साधी चाचणी असते. डॉक्टर तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात. मग कागदावर घड्याळ काढायचं, त्यात वाजले अकरा वाजून दहा मिनिटं. इथेच खरी गंमत आहे. ‘दहा’ ऐकलं की हात दहाच्या आकड्याकडे धावतो, पण मिनिटकाटा हवा दोनवर! म्हणजे मेंदूला क्षणभर थांबून विचार करावा लागतो. शेवटी ते तीन शब्द पुन्हा विचारतात. शब्दांचे तीन गुण, घड्याळाचे दोन. तीनपेक्षा कमी मिळाले तर पुढची तपासणी. कमी गुण म्हणजे आजार ठरला, असं मुळीच नाही.

आणि आजी शाळेतच गेली नसेल तर? हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या निरक्षर आजी-आजोबांसाठी हिंदीत वेगळी चाचणी तयार झाली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘आत्ता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ?’ असे प्रश्न आहेत.

लवकर का जायचं? कधी बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं, कधी थायरॉईडचं काम मंदावतं, कधी मन उदास असतं, तर कधी नुसतं ऐकूच कमी येतं. यांवर उपाय आहेत. अल्झायमर निघाला, तर तो पूर्ण बरा होत नाही, हे खरं. पण लवकर कळलं, तर पुढे काय करायचं ते आजीला स्वतःच ठरवता येतं.

म्हणून आधी आजीलाच सांग, “मी आईला सांगणार आहे. आणि दवाखान्यात तुझ्याबरोबर मीही येणार!”

तुम्ही सगळे अकरा-दहाचं घड्याळ काढून बघा. आजीची परीक्षा मात्र घरी घ्यायची नाही, आणि ती विसरली म्हणून हसायचंही नाही. कबूल?

तुमची,
डॉक्टरमावशी