ऑक्सिजन मास्क बसवायचा कुणी?

एडीएचडी असलेल्या मुलाच्या आईबापांना हल्ली एक उपदेश हमखास ऐकायला मिळतो. ‘आधी स्वतःची काळजी घ्या. विमानात नाही का, आधी आपला मास्क लावायचा, मग मुलाचा!’ समुपदेशक म्हणतात, व्हॉट्सॲप म्हणतं, आमच्या एचआरने तर यावर भर दुपारी वेबिनार ठेवला. रोज वीस मिनिटं ध्यान, भरपूर झोप आणि एखादा छंद म्हणे.

डोंबलाची झोप!

अहो, विमानातला मास्क वरून आपोआप खाली येतो, कारण तो कुणीतरी आधी तिथे बसवलेला असतो. आमच्या छताला नुसता पंखा आहे.

माझा मुलगा नऊ वर्षांचा. सव्वासातच्या स्कूलबससाठी आमच्याकडे सहापासून सूचना सुरू होतात. ब्रश, मोजे, डबा, दुसरा मोजा. प्रत्येक सूचना चार-पाच वेळा, कारण मोजा शोधायला गेलेला गडी वाटेत लेगो बांधत बसतो. तो हट्टी नाही आणि लाडावलेलाही नाही. सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, चालू असलेलं थांबवून दुसरं हातात घेणं, हे त्याच्या मेंदूला वयाच्या मानाने जड जातं. संध्याकाळचा गृहपाठ... असो, तो विषय आज नको.

आता आपण सॉफ्टवेअरवाले. प्रॉडक्शन सपोर्टला एकच माणूस वर्षभर ऑन-कॉल ठेवला तर? दोन महिन्यांत राजीनामा टाकेल. म्हणून तर आपण दर आठवड्याला पाळी बदलतो, प्राइमरीच्या मागे सेकंडरी ठेवतो, नीट हँडओव्हर करतो. रात्री तीनला उठलेल्या माणसाला कुणी ‘प्राणायाम कर’ म्हणत नाही, ‘उद्या उशिरा ये’ म्हणतात. आणि घरात? बहुतेक घरांत एकच बाई वर्षानुवर्षं ऑन-कॉल आणि वर तिलाच सल्ला, की जरा स्वतःसाठी वेळ काढत जा. काढायचा कुठून?

बरं, हा नुसता दयेचा प्रश्न नाही. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की गोळी नंतर, आधी पालकांना मुलाचं वागणं हाताळायचं प्रशिक्षण द्या. म्हणजे पहिलं औषध आईबापच! ते औषध उन्हात ठेवून नासवायचं आणि मग म्हणायचं, गुण येत नाही.

त्यात एडीएचडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघतो. तेव्हा ज्या बापाला ‘वेळापत्रक करा, शांत बसा’ म्हणताय, त्याचाच मेंदू कदाचित त्याच जातकुळीचा असेल. बघा बुवा.

कायदाही मजेशीर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. उत्तमच. २०१८ मध्ये ती एकल वडिलांनाही मिळाली. पण बायको हयात आणि सोबत असलेल्या बापाला नाही. म्हणजे मूल सांभाळणं हे आईचंच खातं, हे सरकारने नियमातच लिहून टाकलंय! आपल्या आयटीवाल्यांना तर तेवढंही नाही. शाळेतून सकाळी अकराला बोलावणं आलं की आपली ‘सिक लीव्ह’.

आमच्या फ्रिजवर आता तक्ता आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. त्या संध्याकाळी बायकोला काहीही विचारायचं नाही, अगदी कंपासपेटी कुठे आहे हेसुद्धा. याला कृपा करून ‘बायकोला मदत’ म्हणू नका. सेकंडरी ऑन-कॉल काय प्राइमरीला मदत करतो का? त्याची ड्यूटीच असते ती.

राहिले नातेवाईक. ‘आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही!’ होतं काका. तेव्हा त्याला वाह्यात म्हणायचे आणि छडीने झोडायचे.

तेव्हा ‘स्वतःची काळजी घे गं’ हा मेसेज टाइप करायच्या आधी एक करा. शनिवारी चार ते सात पोराला तुमच्या घरी न्या. तो सोफ्यावरून उड्या मारेल. मधेमधे तोडून बोलेल. एक गोष्ट चारदा सांगावी लागेल, आणि सातच्या आधी फोन मात्र करायचा नाही.