पटावर प्रश्न छापलेला नसतो

जॉर्जियातील बाटुमी येथे २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकरमध्ये नमवून महिलांचा विश्वचषक जिंकला. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म पदरी नसताना या १९ वर्षांच्या मुलीने त्या एका विजयासरशी किताबही मिळवला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली. या यशाने नांदेड-लातूरच्या पालकांनाही हुरूप यावा, हे स्वाभाविकच आहे. मात्र दिव्याच्या विजयातून आपण नेमके काय उचलणार, हा प्रश्न हाराफुलांनंतरही उरतो.

अंतिम लढतीतील पहिलाच डाव पाहा. पांढऱ्या मोहऱ्यांनिशी खेळताना दिव्याने स्पष्ट वर्चस्व मिळवले होते. ते हातून निसटले आणि डाव ४१ चालींत बरोबरीत सुटला. कुठे चुकले, हे संगणकाने क्षणार्धात दाखवले. पण पटासमोर बसलेल्या खेळाडूला ‘हाच तो निर्णायक क्षण, इथे थांब’ असे सांगणारे कोणी नसते. टायब्रेकरच्या दुसऱ्या डावात हे पुन्हा दिसले, यावेळी उलट्या बाजूने. घड्याळाच्या ताणाखाली हम्पीसारखी अनुभवी खेळाडू चुकली. त्यानंतर दिव्याचीही पकड एकदा सैल झाली, पण तिने ती पुन्हा आवळली आणि काळ्या मोहऱ्यांनी ७५ चालींत डाव जिंकला. जिंकल्यावर तिने दिलेली कबुली मोठी बोलकी आहे : डावाच्या अंतिम टप्प्याचा आपल्याला अजून अभ्यास करायला हवा. विश्वचषक जिंकलेली खेळाडू त्याच दिवशी आपल्या चुकीकडे बोट दाखवते, ही बाब चषकाहून कमी महत्त्वाची नाही.

आता आपल्याकडे वळू. लातूर आणि नांदेड ही परीक्षांची शहरे. नव्वदच्या दशकातील गुणवत्ता याद्यांनी ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर पोहोचवला. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. या पद्धतीची थट्टा करणारे पुष्कळ आहेत, पण तिचा कणा भक्कम आहे : वारंवार चाचणी, आणि चाचणीनंतर चुकलेल्या प्रश्नाचा पाठलाग. बुद्धिबळाला हवी असलेली शिस्त हीच. या बाबतीत आपल्या मुलांची सुरुवात शून्यापासून होत नाही.

फरक आहे तो एका जागी, आणि तो मोठा आहे. २०२५च्या ‘नीट’मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. प्रत्येक प्रश्न छापलेला, उत्तर चार पर्यायांतच दडलेले. पटावर प्रश्न छापलेला नसतो. चाळीस चालींच्या डावात पस्तीस चाली कदाचित साध्या असतात. खरा निर्णय तीन-चार ठिकाणीच असतो, आणि तो कुठे आहे हे ओळखणे हीच परीक्षा. ‘पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात’ अशी कोडी सोडवण्यात मुले तरबेज होतात. पण येथे काहीतरी दडले आहे, हे कोड्याने आधीच सांगून टाकलेले असते. शेकडो कोडी सोडवणारे मूल प्रत्यक्ष डावात तीच संधी न पाहता पुढे जाते, त्याचे कारण बहुधा हे.

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. डाव संपताच संगणक उघडायचा नाही. आधी स्वतःच्या हाताने लिहायचे : कोणत्या चालीला किती वेळ घेतला, काय दिसले, कशाची भीती वाटली, कोणती चाल सोडून दिली. संगणकाचे इंजिन चाल वाईट होती एवढे सांगते; ती का खेळली गेली, हे त्याला ठाऊक नसते. घाई, आधीच्या चुकीचा राग, की प्रतिस्पर्ध्याच्या मानांकनाची धास्ती? याचे उत्तर खेळणाऱ्यापाशीच असते, आणि दोन दिवसांत तेही विसरले जाते.

पण लिहायला डाव हाती तर हवा! अडचण इथे आहे. जिल्हा पातळीवरील बऱ्याच खुल्या स्पर्धा रविवारी एका दिवसात उरकाव्या लागतात, म्हणून त्या जलद प्रकारच्या. जलद प्रकारात चाली नोंदवण्याची सक्ती नियमानेच नाही. मूल सकाळी जाते, सहा-सात डाव खेळते, संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन परतते. खेळलेल्यापैकी एकही डाव त्याच्यापाशी शिल्लक नसतो. चाचणी दिली, उत्तरपत्रिका मात्र मांडवातच राहिली, असा हा प्रकार. परीक्षेबाबत असे घडले असते तर लातूरच्या पालकांनी ते एक दिवस खपवून घेतले असते काय?

दीर्घ वेळेची स्पर्धा खर्चिक असते, हे मान्य. सभागृह दोन-तीन दिवस लागते, पंच लागतात, बाहेरगावच्या मुलांची राहण्याची सोय लागते. आयोजकांना सगळा दोष देणे अन्यायाचे होईल. तरीही वर्षातून एखादी स्पर्धा दोन्ही जिल्ह्यांनी मिळून भरवणे अशक्य नाही. तोवर बक्षिसाच्या रकमेतील थोडा भाग छापील नोंदतक्त्यांवर खर्च करावा, आणि निदान पहिल्या दोन फेऱ्यांचे डाव मुलांना लिहायला लावावेत. तक्त्याची एक प्रत मुलाने घरी न्यावी. आणि पालकांनी त्या संध्याकाळी ‘किती गुण झाले?’ हे विचारण्याआधी तो कागद मागावा.