शाल, श्रीफळ आणि पगारपत्रक

मुली फुटबॉल खेळू लागल्या याचे कौतुक करण्याची आपल्याकडे सध्या टूम आहे. कौतुकाला आमचा विरोध नाही. मात्र ते देणाऱ्याला काही पडत नाही, म्हणूनच इतक्या सढळ हाताने दिले जाते, हे कोणी तरी बोलून दाखवायला हवे. ज्या मुलीच्या गोलवर आपण टाळ्या पिटतो, ती महिनाअखेर घरी काय नेते, हा प्रश्न सभेत विचारला तर तो अरसिकपणा ठरतो. आमची उमेदीची वर्षे सरकारी कचेरीत वेतनदेयके तपासण्यात गेली. त्यामुळे हा अरसिकपणा आमच्या हाडीमाशी खिळला आहे. तेव्हा मनीषा कल्याण या खेळाडूविषयी लिहिताना तिच्या पायांतील कसबाइतकेच तिच्या कराराविषयीही आम्ही लिहिणार, हे वाचकांनी आधीच गृहीत धरावे.

मनीषा पंजाबातील होशियारपूर जिल्ह्याच्या मुग्गोवाल गावची. जन्म २७ नोव्हेंबर २००१ चा. शाळेत असताना ती धावण्याच्या शर्यतीत भाग घेई. तेरा वर्षांची असताना क्रीडाशिक्षकांनी जिल्ह्याच्या फुटबॉल संघात खेळतेस का, असे विचारले आणि तेथून तिची वाट बदलली. आघाडीवर, बहुधा बगलेकडून धावत येऊन प्रतिपक्षाची फळी फोडणारी ही खेळाडू. तिचे नाव देशाने प्रथम नीट ऐकले ते २५ नोव्हेंबर २०२१ रोजी. ब्राझीलमध्ये, अ‍ॅमेझॉनच्या काठच्या मानाउस शहरी, भारताचा सामना खुद्द ब्राझीलशी होता. फोर्मिगा या ब्राझीलच्या थोर खेळाडूच्या निरोपाचा तो सामना. म्हणजे पाहुण्यांनी मुकाट्याने हरावे अशीच सारी मांडणी. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलने गोल केला. आठव्या मिनिटाला मनीषाने चेंडू घेऊन मुसंडी मारली आणि बरोबरी साधली. विसावा वाढदिवस दोन दिवसांवर आलेली मुलगी! पुढे भारत १-६ असा हरला, ते सोडा. ब्राझीलच्या जाळ्यात चेंडू मारणे म्हणजे काय, हे ज्यांनी फुटबॉल पाहिला आहे त्यांना सांगावे लागत नाही.

त्यानंतर या मुलीचे काय झाले? सत्कार झाले. महासंघाने लागोपाठ दोन वर्षे, २०२१-२२ आणि २०२२-२३ साठी, तिला सर्वोत्तम महिला खेळाडू ठरविले. २०२२ साली केरळच्या गोकुलम संघाकडून ती भारतीय महिला लीग जिंकली. त्या वर्षी गोकुलमने अकराच्या अकरा सामने जिंकले होते. आणि मग ती सायप्रसला गेली. लिमासोलच्या अपोलॉन संघाने तिच्याशी करार केला होता.

ती तेथे पोचली तो ऑगस्ट २०२२ चा महिना आम्ही विसरू शकत नाही. आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची निवडणूक वर्षानुवर्षे रखडली होती, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते, न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली होती. स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा होत असतानाच, १५ ऑगस्टला, तिऱ्हाइतांच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन फिफाने महासंघाला निलंबित केले. गोकुलमच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी तेव्हा ताश्कंदला गेल्या होत्या. त्यांना सांगण्यात आले की, तुम्हांला खेळता येणार नाही. निलंबन २६ ऑगस्टला उठले. तोवर त्यांची स्पर्धा हुकली होती. एकही सामना न खेळता देशाचा विजेता संघ परत आला. आणि त्याच आठवड्यात, १८ ऑगस्टला, त्याच संघातून नुकतीच बाहेर पडलेली मनीषा अपोलॉनची बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरली व युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. ती जर निष्ठेने गोकुलममध्येच राहिली असती, तर तीही ताश्कंदच्या एखाद्या हॉटेलच्या खोलीत बूट उशाशी घेऊन बसली असती. निष्ठेचे हे फळ!

तरीही आपल्या मंडळींत एक सूर ऐकू येतो. ‘चांगल्या मुली बाहेर जातात, पैशासाठी जातात, देशातला खेळ मग वाढणार कसा?’ हा सूर लावणारे गृहस्थ इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथल्या जुन्या वाड्यांत राहतात, याची आम्हांला मौज वाटते. वाचकहो, आपण येथे कसे आलो? कोणी होळकरांच्या पागेत, कोणी शिंद्यांच्या दप्तरात, कोणी गायकवाडांच्या न्यायखात्यात चाकरीला लागले, म्हणून आलो. कोकणातली चार कुणगे जमीन पोटाला पुरेना, म्हणून आलो. पणजोबांनी गाव सोडले तेव्हा गावाची शेती आता कशी वाढणार, असा सवाल त्यांना कोणी केला नाही. उलट त्यांनी पाठविलेल्या पैशावर गावच्या देवळाचा सभामंडप उभा राहिला आणि पाटीवर त्यांचे नाव लागले. पोटासाठी दूर गेलेल्या पुरुषाला आपण कर्तबगार म्हणतो. मुग्गोवालची मुलगी लिमासोलला, २०२४ मध्ये ग्रीसमधील थेसालोनिकीच्या पाओक संघात आणि २०२५ मध्ये थेट पेरूच्या आलियान्झा लिमाकडे गेली, की मात्र आपल्याला देशातल्या खेळाची काळजी वाटू लागते. तीन वर्षांत तीन देश, दोन अनोळखी भाषा. याला मुलूखगिरीच म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक हिशेबी आहे, म्हणून त्याला उत्तरही हिशेबाने द्यावे. ‘मुलींचा फुटबॉल बघायला माणसे येत नाहीत, मग पैसा यावा कोठून?’ हे विधान निसर्गनियम असल्यासारखे उच्चारले जाते. वास्तविक २६ डिसेंबर १९२० रोजी इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक-केर कारखान्याच्या मुलींचा सामना पाहायला ५३ हजार प्रेक्षक जमले होते. मग इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने काय केले? पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, हा खेळ स्त्रियांना अयोग्य असल्याचे ठरवून आपल्या संलग्न क्लबांची मैदाने मुलींना बंद केली. ती बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. प्रेक्षक होते, त्यांना हाकलण्यात आले. अर्धशतक दार बंद ठेवायचे आणि मग आत कोणी का दिसत नाही म्हणून विचारायचे, ही युक्ती सरकारी कारभारात आम्ही पुष्कळदा पाहिली आहे.

आपल्याकडे बंदी नव्हती. बेपर्वाई होती, आणि तिचा परिणाम तोच झाला. १९८० च्या आरंभी कालिकतला आशियाई महिला स्पर्धा झाली, तीत भारत उपविजेता होता. १९८३ मध्ये थायलंडमध्ये पुन्हा उपविजेता. गोव्याच्या योलांडा डिसूझा त्या काळी भारताच्या आघाडीवर खेळत. १९८३ मध्ये बंगालच्या शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलला मिळालेला तो पहिला. म्हणजे चार दशकांपूर्वी आपण आशियात दुसरे होतो. पुढे सामनेच इतके विरळ झाले की २००९ मध्ये फिफाच्या क्रमवारीतून भारतीय महिला संघाचे नाव काही काळ गळाले. घसरण मुलींच्या पायांत नव्हती.

आता पगारपत्रकाकडे येऊ. भारतीय महिला लीग २०१६-१७ मध्ये सुरू झाली. पुढली कित्येक वर्षे तिचे स्वरूप असे की, सारे संघ एका गावी जमवायचे, काही आठवड्यांत सामने उरकायचे आणि मुलींना घरी पाठवायचे. २०२३ चे सामने अहमदाबादेस झाले. आपल्या गुजरातमधील वाचकांपैकी किती जणांना त्याचा पत्ता लागला, हे त्यांनीच आठवून पाहावे. आपल्या मैदानावर व परक्या मैदानावर अशी खरीखुरी साखळी प्रथम झाली ती २०२३-२४ मध्ये, आणि तीही सात संघांची. म्हणजे प्रत्येक संघाला वर्षभरात बारा साखळी सामने. कचेरीच्या भाषेत ज्याला हंगामी कर्मचारी म्हणतात, तो तरी याहून अधिक दिवस हजेरीपटावर असतो. त्याच हंगामापासून प्रत्येक संघाने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत, असे महासंघाने २०२३ मध्ये जाहीर केले. पाऊल योग्य दिशेचे आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण आकडा महिन्यावर आणा: सुमारे २६ हजार ६०० रुपये. गुडघा फुटला तर पुढच्या वर्षी तेवढेही नाहीत. आणि संघातल्या अकराव्या मुलीपासून पुढे काय, याला नियमात उत्तर नाही.

याच्या शेजारी क्रिकेट ठेवून पाहू. महिला प्रीमियर लीगच्या फेब्रुवारी २०२३ च्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख रुपये मिळाले. तिकडच्या सर्वोच्च बोलीची इकडच्या किमान वेतनाशी तुलना करणे न्यायाचे नव्हे, म्हणून ती आम्ही करीत नाही. तळाशी तळ ताडून पाहू. त्या लिलावात देशासाठी एकदाही न खेळलेल्या मुलीची सर्वांत कमी मूळ किंमत १० लाख रुपये होती, आणि ती पहिली स्पर्धा ४ ते २६ मार्च अशी तेवीस दिवस चालली. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने स्त्री-पुरुषांचे सामना-मानधन सारखे केले. तेव्हा महिला संघाच्या नावावर एकही विश्वचषक नव्हता. तो आला २ नोव्हेंबर २०२५ ला, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर. आधी वेतन आले, मग विजय आला, हा क्रम वाचकांनी लक्षात घ्यावा. फुटबॉलच्या मुलींना मात्र आपण उलटा क्रम सांगतो: आधी जिंका, मग पाहू.

तेच पाटील मैदान फुटबॉलच्या मुलींनीही पाहिले आहे. २०२२ च्या जानेवारीत आशियाई चषकात भारत यजमान होता. इराणशी गोलशून्य बरोबरी झाली आणि पुढच्याच सामन्याआधी कोरोनाने इतक्या मुली आडव्या पडल्या की तेरा नावांची किमान यादीही देता येईना. यजमान संघ स्वतःच्याच अंगणातून बाद झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाली. अमेरिकेने आपल्याला आठ गोलांनी हरविले. ‘बघा, आपल्या मुली कच्च्या!’ असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ निघाले. कच्च्या होत्याच. स्पर्धा तोंडावर आली म्हणून शिबिर भरविले की मुली कच्च्याच राहणार. पक्क्या होण्यासाठी गावोगाव साप्ताहिक सामने लागतात.

आणि जेथे क्लब आहेत तेथे काय? मार्च २०२३ मध्ये केरळ ब्लास्टर्सचा पुरुष संघ पंचांवर रुसून मैदान सोडून गेला. महासंघाने चार कोटींचा दंड केला. जूनमध्ये क्लबने आर्थिक ताणाचे कारण पुढे करून महिला संघ तात्पुरता स्थगित केला. चूक बड्या साहेबाची आणि वेतन कापले शिपायाचे, अशी प्रकरणे कचेरीत दबक्या आवाजात मिटविली जातात. येथे ते उघड पत्रक काढून झाले.

सरकारी नोकरीचा मार्ग आहे, असे आमचे काही सेवानिवृत्त स्नेही सुचवितात. मणिपूरची बाला देवी हिला पोलीस दलाने आधार दिला. त्या आधारावर ती वर्षानुवर्षे खेळली आणि जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सपर्यंत पोचली. खेळाडूंसाठीच्या राखीव जागांविषयी आम्हांला आदर आहे. त्यांनी अनेक घरे तारली. परंतु तो पगार पोलिसाचा आहे, फुटबॉलपटूचा नाही. गवयाला तहसील कचेरीत कारकून नेमून आपण संगीताला आश्रय दिला, असे म्हणण्यासारखे ते होईल.

हे सारे पंजाब-केरळचे आहे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. धार जिल्ह्यातले सरदारपूर येथून किती दूर आहे? पवारांच्या त्या धारमध्ये आपली किती घराणी नांदली! ज्योती चौहान ही आघाडीची खेळाडू त्या सरदारपूरची. २०२२ मध्ये ती क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेब संघात गेली. तिच्यासोबत गेलेली सौम्या गुगुलोथ तेलंगणाची. आमच्या इंदूर आणि हैदराबादच्या मंडळांना आपल्या अंगणातल्या या दोन मुलींची नावे माहीत होती का? आम्ही चार ठिकाणी विचारले. एके ठिकाणी उत्तर मिळाले की, पत्ता मिळाला तर वर्धापनदिनाला बोलावून शाल-श्रीफळ देऊ.

५ जुलै २०२५ रोजी चिआंग माई येथे थायलंडला २-१ असे हरवून भारताच्या मुलींनी २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळविली. पात्रता सामने खेळून, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. तेव्हाही अभिनंदनाचे ठराव झाले असतील.

आमचाही एक ठराव तयार आहे, तो येत्या वार्षिक सभेपुढे ठेवायचा आहे. मंडळाच्या सत्कार-समारंभाच्या शीर्षाखालील तरतूद पुढील तीन वर्षे गोठवावी. ती रक्कम जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघाला बूट, प्रवासभाडे आणि सरावानंतरचा आहार यासाठी दरमहा, पावती घेऊन द्यावी. आणि संघातल्या मुलीला स्टेजवर बोलावू नये, मंडळींनी मैदानावर जाऊन सामना पाहावा. सूचक म्हणून आमची सही झाली आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे.