रिक्षाचं सीट टिकतं, मग सोफा का सोलतो?

मरोळ नाक्यावरच्या कुठल्याही जुन्या रिक्षात मागे वाकून पाहावं. ऊन, पाऊस, प्रवाशांच्या ठिबकणाऱ्या छत्र्या, सगळं सोसून सीटवरचं रेक्झिन शाबूत असतं. फार तर एखाद्या कोपऱ्यात उसवून तिथे टाके पडलेले असतात. नाक्यामागच्या इमारतींत पंख्याखाली, सावलीत ठेवलेल्या महागड्या ‘लेदर फिनिश’ सोफ्याची मात्र चार-पाच पावसाळ्यांत सालं निघू लागतात. मग घरात खटले उभे राहतात. मुलं नाचली, मावशींनी ओल्या फडक्याने पुसलं, आजोबांनी डोक्याला तेल लावून मान टेकली.

आजोबांच्या तेलाचा थोडा हात असेलही. मुख्य आरोपी दुकानातूनच घरात येतो.

रिक्षाचं सीट सहसा पीव्हीसीचं, म्हणजे व्हिनाइलचं असतं. सोफ्यावर बहुधा पीयू असतो, कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. यातल्या स्वस्त प्रकाराचे रासायनिक बंध हवेतल्या बाष्पाने तुटत जातात आणि उष्ण, दमट हवेत ही मोडतोड वेगाने होते. पावसाळ्यात मुंबईची सकाळची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा पीयूसाठी याहून वाईट शहर शोधावं लागेल. वस्तू जपून ठेवली तरी सुटका नाही. खोक्यात वर्षानुवर्षं सांभाळलेल्या बुटांचा तळ ऐन लग्नाच्या दिवशी भुगा होऊन पडतो, तो याच कारणाने. मरोळ एमआयडीसी आणि सीप्झमधल्या ऑफिसांतून भंगारात निघणाऱ्या फिरत्या खुर्च्या पाहा: सांगाडा धडधाकट, हात सोललेले.

व्हिनाइलचं दुखणं वेगळं. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाने आणि उष्णतेने हळूहळू निघून जातं, मग ते कडक होऊन तडकतं. त्याला सौम्य साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं पुरतं. थिनर, स्पिरिट आणि तेलकट पॉलिश लांब ठेवावं. खऱ्या चामड्याला शत्रू बुरशीचा. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. भिजलं तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत, वाऱ्यावर वाळवावं. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ती पावसात घालूच नये, आणि कोरडी पडली की तेलाचा हलका हात द्यावा.

सोललेला पीयू मात्र कुठल्याही क्रीमने किंवा गोंदाने बरा होत नाही. बाजारातले दुरुस्ती संच वरून रंग फासतात, खालचा थर सुटतच राहतो. तिथे एकच उपाय: लाकूड आणि फोम ठेवून कव्हर बदलणं. सोफा दुरुस्त करणारा कारागीर चांगल्या व्हिनाइलमध्ये हे काम करून देतो, आणि ते नव्या सोफ्यापेक्षा स्वस्त पडतं. पर्स, पट्टे आणि चपला यांसाठी रस्त्यावरचा गटई कामगार आहेच. त्याच्या आरीने आणि रापीने वाचवलेल्या वस्तूंची मोजदाद कुठलीच महानगरपालिका ठेवत नाही. त्याची जागा मात्र फूटपाथ मोकळे करताना आधी जाते.

पण काळजी घ्यायची तर वस्तू कशाची आहे हे आधी कळायला हवं, आणि बाजार तेच लपवतो. ‘लेदरेट’, ‘पीयू लेदर’, ‘व्हेगन लेदर’ ही नावं चामड्याची आठवण देतात, माहिती देत नाहीत. इटलीने २०२० मध्ये कायदा करून प्राण्याच्या कातडीपासून न बनलेल्या मालाला ‘चामडं’ म्हणायला बंदी घातली. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या दर्जाची माहिती मिळण्याचा हक्क आहे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं निवडली, फर्निचर राहिलं. सरकारने पंख्यावरच्या वीजबचतीच्या ताऱ्यांसारखं मानांकन सोफ्यावर मागण्याची गरज नाही. वरचा थर पीयू, पीव्हीसी की चामडं, एवढं बिलावर छापणं सक्तीचं करावं.

तोवर ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जाल तेव्हा दुकानदाराला तो एक शब्द बिलावर हाताने लिहायला सांगा. लिहीत नसेल तर पुढच्या दुकानात जा.