केसपेपरावरची एक ओळ

‘जिन्यावरून पडले’, ‘न्हाणीघरात पाय घसरला’. आपल्या दवाखान्यांतल्या केसपेपरांवर ही वाक्ये किती वेळा उतरली असतील! २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. पोलीस, वकील फार पुढचे. हा मार पाहण्याची वेळ बहुधा आधी येते ती डॉक्टरवर किंवा नर्सबाईंवर.

बँकेच्या काउंटरमागे मी हयात घालवली. प्रश्न बाईला विचारावा आणि उत्तर नवऱ्याने द्यावे, हे तिथे नेहमीचेच. दवाखान्यातही निराळे काय होणार? म्हणून आधी ‘तपासायचे आहे, जरा बाहेर बसा’ एवढे सोबतच्या माणसांना सांगावे. सासूलाही. मग हलक्या आवाजात विचारावे, ‘ताई, घरी कुणी मारतं का?’

ती लगेच बोलेलच असे नाही. खोदून विचारू नये. ‘थोडं सांभाळून घ्या’ हा आपला लाडका सल्ला तर डॉक्टरांनी कृपा करून खिशातच ठेवावा! तिचे ऐकावे, खरे मानावे आणि आज रात्री घरी जाणे धोक्याचे आहे का, ते विचारावे.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने या शतकाच्या आरंभी ‘दिलासा’ केंद्र उघडले. केंद्र रुग्णालयातच असल्याने ‘पट्टी बदलायला जाते’ म्हणून बाईला घरातून निघता येते. मला यातले शहाणपण फार मोलाचे वाटते.

गर्दीत एवढा वेळ कुठून आणायचा, असे डॉक्टर म्हणतील. खरे आहे. पण ‘पडल्याने जखम’ लिहायला जेवढा वेळ लागतो, त्याहून थोडाच अधिक ‘नवऱ्याने पट्ट्याने मारल्याचे सांगते’ असे लिहायला लागतो. जखम कुठे, केवढी, किती जुनी, खाली तारीख आणि सही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००६ पासून लागू आहे. मदत मागणाऱ्या बाईवर उपचार करणे त्याने रुग्णालयाला बंधनकारक केले आहे. दोन वर्षांनी ती न्यायालयात उभी राहिली, तर वळ केव्हाच मावळलेले असतील. तेव्हा हा कागद तिच्या बाजूने बोलेल.

त्याची प्रत तिला द्यावी. मात्र घरी पर्स तपासली जात असेल, तर ‘हा इथेच राहू दे, लागेल तेव्हा या’ असे तिला सांगावे.